लस, मुखपट्टी आणि खिडकी

साथीच्या रोगाचा जोर ओसरू लागला म्हणजे समाजापुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. बंद केलेली दारे कोणत्या क्रमाने उघडावयाची? २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि काही तासांतच ती अमलात आली. शाळा व कचेऱ्या पुन्हा केव्हा उघडाव्यात हा निर्णय मात्र प्रत्येक राज्यात महिनोन्महिने रेंगाळत राहिला. त्या काळी लस, मुखपट्टी व अंतर हे शब्द सर्वांच्या तोंडी होते. परंतु यांपैकी कोणते साधन नेमके कोणते काम करते, आणि विशेषतः कोणते काम करीत नाही, याविषयी सुशिक्षितांच्याही मनात बराच गोंधळ होता. हे काम समजून घ्यावयाचे तर प्रथम रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे पाहिले पाहिजे.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील एका एकोणीस मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर एक कचेरी होती. ग्राहकांना दूरध्वनीवरून उत्तरे देणे हे तेथील काम. २०२० च्या मार्च महिन्यात या मजल्यावरील २१६ माणसांपैकी ९४ जणांना कोविडची लागण झाल्याचे आढळून आले, आणि त्यांतील बहुतेक सर्वजण मजल्याच्या एकाच बाजूस बसणारे होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, इमारतीतील सर्व लोक त्याच लिफ्टमधून वर-खाली जात व तळमजल्यावर एकमेकांना भेटतही. तथापि इतर मजल्यांवर रोगाचा प्रसार जवळजवळ झाला नाही. लिफ्टमधील क्षणभराच्या सहवासापेक्षा एकाच दालनात तासन्‌तास बोलत बसणे कितीतरी अधिक घातक ठरले.

याचे कारण आपल्या श्वासात आहे. मनुष्य बोलतो, गातो, खोकतो, किंबहुना नुसता श्वास सोडतो, त्या वेळी त्याच्या तोंडावाटे असंख्य जलकण बाहेर पडतात. मोठे थेंब दोन-तीन हातांवर खाली पडतात. सूक्ष्म कण मात्र हवेत तरंगत राहतात. देवघरात लावलेल्या उदबत्तीचा धूर जसा हळूहळू माजघरापर्यंत पसरतो, तसेच हे कण बंद खोलीभर पसरतात. साथीच्या आरंभी मोठे थेंब व हातांचा स्पर्श यांनाच प्राधान्य दिले गेले. परिणामी कचेऱ्यांतून टेबले दिवसातून चार वेळा पुसली जात आणि वातानुकूलन चालू असल्यामुळे खिडक्या मात्र बंद ठेवल्या जात. दाराशी उभा राहून कपाळाचे तापमान पाहणारा रखवालदार हाही त्याच काळातील देखावा. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोगी इतरांना रोग देऊ शकतो, तेव्हा ताप पाहून त्याला दारात अडविण्याचा उपयोग मर्यादितच होता.

खोलीतील हवा किती 'उष्टी' झाली आहे हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. उच्छ्वासात ते सुमारे चाळीस हजार भाग असते. एखाद्या वर्गात हे प्रमाण १,२०० पर्यंत चढले, तर वाढलेले सुमारे ८०० भाग मुलांच्या व शिक्षकांच्या उच्छ्वासातून आलेले होत. चाळीस हजारांशी त्यांचे प्रमाण पन्नासास एक. म्हणजे त्या वर्गातील मूल जी हवा आत घेते तिचा पन्नासावा हिस्सा नुकताच दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला असतो. खिडक्या मिटलेल्या दाटीच्या वर्गात हे प्रमाण याच्या दुपटीवर सहज जाते. खिडकी उघडणे हा उपाय दिसावयास क्षुद्र आहे, पण तो या अपूर्णांकावरच घाव घालतो. छताचा पंखा हवा केवळ ढवळतो, आणि बहुतेक लहान वातानुकूलक तीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतात. समोरासमोरच्या भिंतींतील उघडे दार व खिडकी ही जोडी या दोहोंपेक्षा सरस होय.

आता मुखपट्टी, अर्थात मास्क. ती चाळणीप्रमाणे काम करते असा समज आहे; त्यावरून, विषाणू कापडाच्या छिद्रांहून कितीतरी लहान असल्यामुळे मुखपट्टी व्यर्थ आहे, असा युक्तिवाद केला जात असे. वस्तुस्थिती निराळी आहे. चांगल्या मुखपट्टीत अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे एकावर एक रचलेले असते. हवा या तंतूंना वळसा घालून जाते. जड कणांना ते वळण घेता येत नाही व ते तंतूंवर आदळून चिकटतात. अगदी हलके कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा भटकतात आणि म्हणून तेही तंतूंना चिकटतात. निसटण्याचा संभव सर्वाधिक असतो तो मधल्या आकाराच्या, सुमारे ०.३ मायक्रॉनच्या कणांचा. तेही अडावेत म्हणून तंतूंवर विद्युत्‌भार दिलेला असतो. 'एन-९५' या नावातील आकडा याच आकाराच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडतात असे सांगतो. साबणाने धुतल्यास हा भार नाहीसा होऊ शकतो व मुखपट्टी दिसावयास स्वच्छ, पण कामास अधू होते. गालाशी फट राहिली तर हवा त्याच वाटेने जाते. हनुवटीवर उतरविलेल्या मुखपट्टीविषयी काही लिहिण्याची आवश्यकता नाही.

हे साधन आजचे नव्हे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसांच्या प्लेगची साथ आली, तेव्हा पेनांग येथे जन्मलेले व केंब्रिजला शिकलेले डॉक्टर वू लिएन-ते यांनी हार्बिन शहरात कापूस व जाळीदार कापड यांची मुखपट्टी वापरण्याचा आग्रह धरला. मेनी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तो मानला नाही, आणि रोग्यांना तपासल्यावर थोड्याच दिवसांत तो त्याच रोगाने मरण पावला. याच्या उलट १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरणारा गाठींचा प्लेग होता. तेथे मुखपट्टीचा फारसा उपयोग झाला नसता. रोगाचे नाव एक असूनही वाट निराळी असली की साधनही निराळे लागते.

मुखपट्टीचा लाभ अवास्तव फुगवूनही सांगू नये. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बांगलादेशातील सुमारे सहाशे गावांत एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मुखपट्ट्या मोफत वाटून त्यांचा प्रचार केला, तेव्हा त्या योग्य रीतीने वापरणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणांसह सिद्ध झालेली लागण सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्या वाटलेल्या गावांत साठीपलीकडील माणसांत ही घट सुमारे ३५ टक्के आढळली. निम्म्याहून अधिक माणसे उघड्या तोंडानेच वावरत असता मिळालेले हे फळ आहे, हे विसरता कामा नये.

लसीचे कार्य याहून सर्वस्वी भिन्न आहे. मुखपट्टी व खिडकी विषाणूला वाटेत अडवितात. लस त्याच्याशी गाठ पडण्यापूर्वी शरीरास त्याची ओळख करून देते. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्यसेवकांपासून लसीकरणास प्रारंभ झाला. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डमध्ये एका निरुपद्रवी केलेल्या वाहक विषाणूवाटे कोरोनाच्या काट्याची कृती पेशींना दिली जात असे. हैदराबादच्या कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला संपूर्ण विषाणूच असे. दोन्ही दंडात टोचल्या जात. त्यामुळे प्रतिपिंडे मुख्यतः रक्तात निर्माण होतात आणि फुप्फुसांचे रक्षण चांगले होते. नाकाच्या अस्तरावरचा पहारा मात्र दुबळा राहतो व लवकर ओसरतो. लस घेतलेल्या माणसालाही सर्दी-ताप का झाला, आणि तरी तो रुग्णालयात का गेला नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बव्हंशी येथेच आहे. "लस घेऊनही रोग होतो, मग ती कशास?" असे विचारणारा मनुष्य फुप्फुसांच्या रखवालदाराकडून नाकाच्या पहाऱ्याची अपेक्षा करीत असतो.

शिवाय लस वेळ घेते. मात्रा टोचल्यावर संरक्षण उभे राहण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. ६ मे २०२१ च्या सुमारास आपल्या देशात दिवसाला चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले जात होते, आणि तेव्हा दहांतील सुमारे नऊ जणांना पहिली मात्राही मिळालेली नव्हती. त्या आठवड्यांत कामावर जाणे ज्यांना भागच होते, त्यांच्यापाशी हवा व मुखपट्टी यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

शाळांच्या बाबतीत मात्र आपण उलट्या क्रमाने चाललो, असे खेदाने म्हणावे लागते. बाजार, उपाहारगृहे व कचेऱ्या उघडल्या. अनेक राज्यांत प्राथमिक शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंदच राहिल्या. मुले घरी सुरक्षित आहेत ही समजूत त्यामागे होती. जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या रक्ततपासणीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. शाळा बंद असतानाच रोग त्यांना भेटून गेला होता, आणि त्या वयात तो क्वचितच गंभीर होतो. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी त्याच वेळी सुचविले की, शिक्षक व शाळेतील इतर कर्मचाऱ्यांचे लसीकरण करून प्रथम प्राथमिक शाळा उघडणे इष्ट. त्यापुढील महिन्यात शिक्षकदिनापूर्वी सर्व शिक्षकांना लस द्यावी म्हणून केंद्र सरकारने राज्यांना दोन कोटी अधिक मात्रा देऊ केल्या. मुलांची लस येईपर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना ती १६ मार्च २०२२ पासून मिळू लागली.

थांबण्याची किंमत 'असर' या ग्रामीण पाहणीत दिसते. तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा पाठ वाचू शकणारी २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्के उरली. झारखंडातील दुमका जिल्ह्यात डुमरथर नावाच्या गावी शिक्षकांनी २०२० साली घरांच्या मातीच्या भिंतींवर काळे फळे रंगविले. प्रत्येक मूल आपापल्या फळ्यासमोर अंतर राखून बसे व शिक्षक ध्वनिक्षेपकावरून शिकवीत. हवेच्या दृष्टीने पाहता त्या उघड्या गल्लीतील वर्ग काचबंद महाविद्यालयाहून अधिक सुरक्षित होता.

खिडकीचा उपाय सर्वत्र चालतोच असे नाही. दिल्लीत १ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्व वर्ग उघडले आणि पंधरवड्यातच शाळा पुन्हा बंद कराव्या लागल्या. या वेळी कारण रोग नसून बाहेरील धुरकट हवा हे होते. अशा जागी मुखपट्टीतील तंतूंचीच युक्ती कामी येते. पंख्याला तशाच तंतूंच्या दाट गाळण्या जोडल्या म्हणजे खोलीतील हवा त्यांतून पुनःपुन्हा फिरते, आणि विषाणूवाहक कण व धुराचे कण हे दोन्ही त्याच जाळ्यात अडकतात. त्यासाठी गाळण्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात, आणि त्यांचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात खडू-फळ्याच्या रकमेशेजारी दाखवावा लागतो.