साइडकार लावलेली गाडी साठच्या पुढे का बिथरते?

आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून सुचला. त्याने जुन्या मोटरसायकलला डाव्या बाजूला साइडकार जोडून घेतलीय. गावात मस्त चालते, पण हायवेवर साठच्या पुढे गेलं की गाडी डावीकडे ओढते आणि हँडल थरथरायला लागतं. साइडकारमध्ये त्याची आई बसते. तिच्या हातात ना हँडल ना ब्रेक. म्हणून हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाहीये.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. 'शोले'मधली ती गाणं म्हणत जाणारी गाडी बघून वाटतं की ही बाइकच आहे, फक्त बाजूला एक डबा लावलाय. तसं नाही. दोन चाकांची गाडी वळणावर झुकते. तीन चाकांची झुकत नाही, ती नुसतं हँडल फिरवून वळवावी लागते. आणि तिचं एक चाक एका अंगाला असल्यामुळे ती मुळातच एकांगी असते. गॅस दिला की साइडकार मागे राहू बघते, गाडी डावीकडे ओढते. फक्त बाइकचे ब्रेक दाबले की साइडकार पुढे पळू बघते, गाडी उजवीकडे जाते. इथपर्यंत सगळं नॉर्मल आहे, बिघाड नाही.

मग वेग वाढल्यावरच त्रास का वाढतो? कारण हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे 40 वरून 80 वर गेलात तर साइडकारला मागे खेचणारी हवा दुप्पट नाही, चौपट होते. त्यात आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, म्हणजे डाव्या बाजूने चालताना गाडी आणखी डावीकडे कलते.

आता दुरुस्ती. मी कोड डीबग करतो तसंच इथेही करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, फोनमध्ये लिहून ठेवायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नक्की कशाने फरक पडला हे कळणारच नाही.

पहिली पायरी, स्वस्तातली. टायरमधली हवा, टायरची झीज, स्पोकचा ताण, मागच्या स्विंगआर्मचे बुश. मग पुढचं चाक उचलून फोर्क खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर हँडलचा कोनसेट ढिला आहे. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट झिजलाय. साइडकार जिथे जोडलीय ते सगळे जोड, बोल्ट आणि क्लॅम्पही तपासा. एक जोड जरी हलत असेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट.

दुसरी पायरी, टो-इन. साइडकारचं चाक बाइकला अगदी समांतर नको, पुढून किंचित आत वळलेलं हवं. दोन सरळ ॲल्युमिनियमचे पाइप घ्या. एक बाइकच्या दोन्ही टायरना टेकवा, दुसरा साइडकारच्या टायरला. दोन्ही पाइपमधलं अंतर पुढच्या चाकापाशी आणि मागच्या चाकापाशी मोजा. पुढचं अंतर साधारण 10 ते 20 मिलिमीटरने कमी असावं. फारच कमी असेल तर गाडी भरकटते आणि साइडकारकडे ओढते. फार जास्त असेल तर टायर घासून लवकर संपतो.

तिसरी पायरी, लीन-आउट. बाइक साइडकारपासून दूर, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, अंदाजे 1 ते 2 अंश झुकलेली हवी. फोनमधलं लेव्हल ॲप इथे कामाला येतं. पण मोजताना गाडी सपाट जागी हवी, चालवणारा सीटवर आणि साइडकारमध्ये नेहमीचं वजन हवं. रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग आई बसल्यावर बदलतं. नेहमीच्या वेगाला गाडी डावीकडे ओढत असेल तर झुकाव थोडा वाढवा, उजवीकडे ओढत असेल तर कमी करा.

एवढं करून ओढणं बहुतेक थांबतं. राहिली थरथर. ती समजायला ट्रेल समजायला हवा. हँडलचा कणा सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो जिथे टेकेल, त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. त्यामुळेच चाक आपोआप सरळ होतं. साध्या मोटरसायकलला तो 100 मिलिमीटरच्या आसपास असतो. साइडकारला एवढा ट्रेल जड पडतो, वळवताना खांदे भरून येतात. म्हणून मूळची रशियाची उराल कंपनी वेगळ्या रचनेचा, लीडिंग-लिंक फोर्क देते, त्यात ट्रेल कमी असतो.

पण ट्रेल कमी केला की चाक सहज फडफडायला लागतं. एअरपोर्टच्या ट्रॉलीचं पुढचं चाक जोरात ढकलल्यावर कसं थयथयाट करतं, तसंच. त्यावर उपाय स्टिअरिंग डॅम्पर. हँडलच्या जलद हालचालीला विरोध करणारा छोटा शॉक ॲब्सॉर्बरच म्हणा ना.

मग डॅम्पर सगळ्यात आधीच का नाही लावायचा? कारण तो पेनकिलर आहे. ढिला कोनसेट तसाच ठेवून डॅम्पर लावला तर थरथर दिसणार नाही, पण कोनसेट झिजतच राहणार. म्हणून डॅम्पर शेवटी.

आणि कृपा करून गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून फ्रेमची मान कापून ट्रेल बदलू नका. तो वेल्ड तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. गाडीत असा मोठा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

चालवताना थरथर सुरू झालीच तर ब्रेक करकचून दाबू नका. गॅस हळूहळू सोडा, वेग उतरू द्या. आणि सगळं नीट होईपर्यंत हायवेला जाऊ नका. टेस्ट राइडला साइडकारमध्ये आई नको, वाळूची पोती ठेवा. वजन तेवढंच, धोका कमी.

तुमच्या गाडीचे आकडे लिहून पाठवा, पुढच्या भागात बघू. भेटूया!