चार तासांचं मनगट

रिओ द जानेरोच्या लारांजेरास भागात, झेनेरल ग्लिसेरिओ या रस्त्यावर शनिवारी सकाळी बाजार भरतो. भाजी, मासे, उसाचा रस, आणि एका झाडाखाली शोरो हे इथलं वाद्यसंगीत वाजवणाऱ्यांचं कोंडाळं. बासरी, मँडोलिन, कावाकिन्यो ही चार तारांची चिमुकली गिटार, सात तारांची मोठी गिटार, आणि तालाला एकच वाद्य: पांदेइरो. गोल कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या. मध्येच सात तारांचा गिटारवाला पाणी प्यायला उठला, मँडोलिनवाला आणि कावाकिन्योवालाही थांबले. बासरी आणि पांदेइरो तेवढे चालू राहिले. तोवर खर्जाची बाजू गिटार सांभाळते असं मी धरून चालले होते. आता गिटार नव्हती, तरी जमिनीलगतचा तो घुमारा तसाच येत होता, शेजारी चकत्यांची कुजबुज आणि वर एक कोरडी चापट, सगळं एकाच माणसाच्या हातांतून.

‘मावशी, त्याचा बारा इंची आहे,’ माझी भाची म्हणाली.

ती पुण्यात तबला शिकली आणि आता इथे पांदेइरो शिकते आहे. तिच्याकडे दहा इंची आहे. शोरोत बहुतेकांकडे तोच असतो. तिला मोठा हवा होता, आणि ती जिथे घ्यायला जाणार होती तिथे मला जायचंच होतं.

कारखाना म्हणजे शहराच्या उत्तर भागातल्या एका घराची मागची पडवी. आत शिरताच ओल्या कातड्याचा वास आला. उग्र, किंचित आंबूस, पण घाण नाही. जनावराची आठवण अजून न सोडलेला वास. कातडं भिजवायचं, कड्यावर ताणायचं, स्क्रू थोडे थोडे आवळायचे, वाळू द्यायचं. पायऱ्या एवढ्याच. तयार वाद्याला तो वास जवळजवळ राहत नाही, हे मी तिथली बरीच वाद्यं नाकाशी धरून पाहिलं.

कारागीर साठी ओलांडलेला, मूळचा उत्तरेकडच्या मारान्याव राज्यातला. भाची त्याला ‘मेस्त्रे’, म्हणजे उस्ताद, म्हणते. तिनं बारा इंची मागितला तर त्यानं किंमत सांगितली नाही, प्रश्न विचारला: कुठे वाजवणार?

‘रोदात.’ रोदा म्हणजे वाजवणाऱ्यांचं कोंडाळं, टेबलाभोवती बसलेलं.

‘म्हणजे चार तास,’ तो म्हणाला.

मग त्यानं भिंतीवरचा एक बारा इंची काढून तिच्या डाव्या हातात दिला आणि उजवा हात मांडीवर ठेवायला सांगितला. थाप मारायची नाही. नुसता डावा हात मनगटातून इकडून तिकडे फिरवत राहायचं, चकत्या सारख्या लयीत बोलल्या पाहिजेत. एवढं सांगून तो आपल्या कामाला लागला.

हे मी पुन्हा पुन्हा आठवते. मोठं वाद्य निवडायचं तर माणूस ते आधी बडवून बघतो, आवाज ऐकतो, मान डोलावतो. दुकानात तेच चालतं आणि दुकानदाराला तेच हवं असतं, कारण पहिल्या थापेला मोठं वाद्य नेहमीच जिंकतं. या माणसानं पहिली थापच काढून घेतली. पांदेइरो वाजवतो तो निम्मा डाव्या हातानं. उजव्याचा अंगठा खर्ज काढतो, बोटांची टोकं आणि तळव्याचा मनगटाकडचा भाग आळीपाळीनं चकत्या हलवतात, मधूनच सपाट पंजाची चापट बसते. पण कडं फिरतं डाव्या हातानं, आणि डाव्याचंच बोट आतून कातड्याला टेकून घुमारा मोकळा सोडायचा की दाबायचा ते ठरवतं. वजन सगळं कडेला. त्यामुळे कडं दोन इंचांनी वाढलं की उचलायला जरासंच जड लागतं, फिरवायला मात्र बरंच.

भाचीचं कोपर थोड्या वेळानं खाली यायला लागलं. मेस्त्रेचं लक्ष आहे असं वाटत नव्हतं. चकत्यांची लय ढळली तेव्हा मात्र त्यानं मान न वळवता बोट वर केलं.

‘चार तास,’ तो परत म्हणाला.

मोठ्या पांदेइरोबद्दल सर्रास सांगितलं जातं की तो जास्त घुमतो. ते खरं आहे, पण अर्धं. दहाचं बारा झालं की कातड्याचं क्षेत्रफळ चव्वेचाळीस टक्के वाढतं. ताण तोच ठेवला तर स्वर सुमारे तीन अर्धस्वर उतरतो, म्हणजे दहा इंची जिथे सा देतो तिथे बारा इंची मंद्र सप्तकातल्या शुद्ध धैवताच्या आसपास जातो. मेस्त्रेला मात्र उलट बाजू महत्त्वाची वाटते. दहा इंचीतून खोल खर्ज काढायचा तर कातडं सैल करावं लागतं, आणि सैल कातड्यावर बोटं बुडतात, चापट मरते, अंगठा उसळून परत येत नाही. बारा इंचीवर तोच खर्ज जवळपास दीडपट ताणलेल्या कातड्यातून मिळतो. स्वर खाली आणि कातडं टणक, ही मोठ्या कड्याची खरी देणगी. भाचीला ते लगेच पटलं, कारण उतरलेल्या डग्ग्यावर हात चालवताना काय होतं ते तिच्या तळव्याला ठाऊक आहे.

मात्र हा खर्ज सगळीकडे हवाच असतो असं नाही. शोरोत सात तारांची गिटार खालच्या स्वरांची स्वतंत्र वीण घालत असते. तिच्या खाली आणखी एक घुमारा आला तर वीण गढूळ होते. सांबाच्या रोदात सुर्दो किंवा तांतां हे ढोल खर्ज सांभाळतात, तिथे पांदेइरोनं वर राहून चकत्या लख्ख वाजवायच्या. मोठा पांदेइरो लागतो तो एकट्याला, किंवा दोघांतल्या एकाला. पांदेइरोवादक मार्कोस सुझानोनं गायक-गिटारवादक लेनीनीबरोबर १९९३ साली ‘ओल्यो द पेशी’ हा अल्बम केला, त्यात ढोलांचा ताफा नाही. गाणं, गिटार आणि प्रामुख्यानं पांदेइरो. सुझानोनं कातडं खाली उतरवलं, वाद्याजवळ मायक्रोफोन आणला, आणि हाताचा क्रमच उलटा केला: खर्जाची सुरुवात अंगठ्याऐवजी बोटांच्या टोकांनी. आज बारा इंची मागायला येणाऱ्या तरुण वादकांमागे ते रेकॉर्डिंग उभं आहे असं मला वाटतं.

नायलॉनचं कातडंही तिथे होतं. रिओच्या दमट हवेत ते सैलावत नाही, आवाज मोठा देतं, मंचावर सोयीचं पडतं. मेस्त्रे ते बसवून देतो, नाक मुरडत नाही. मला ते आवडलं नाही. बोट घासल्यावर बकऱ्याच्या कातड्यातून जो भुरभुरीत कण ऐकू येतो तो त्यात नाही, आणि मोठ्या कड्यावर तर नुसता पोकळ दणका उरतो. एवढं मोठं कडं पेलायचं आणि त्यावर प्लास्टिक ताणायचं, हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

पडवीच्या आतल्या भिंतीवर एक प्रचंड कडं टांगलेलं होतं, चकत्या नसलेलं. ते पांदेइराव, मारान्यावच्या बुंबा-मेउ-बोई या बैलाच्या उत्सवातलं. जूनमध्ये साव लुईस शहरात मात्राकांच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या, कडकडाटात ही कडी खांद्याच्या वर उचलून वाजवतात. युनेस्कोनं २०१९ साली या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रात्रभर वाजवायचं असतं, दवानं कातडं उतरतं, म्हणून मध्येच जाळ करून कडी शेकतात. आपल्याकडे हलगी शेकतात तशीच. मेस्त्रेनं तळवा जाळावर धरल्यासारखा करून दाखवला आणि मी मान हलवली, भाषेची गरज पडली नाही. बारा इंचीकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘आमच्या गावी याला कोणी मोठं म्हणणार नाही.’

मोठ्या वाद्याचा त्याला राग नाही हे मला तिथे कळलं. राग आहे तो मोठं वाद्य घेऊन भिंतीला लावणाऱ्यांचा. याच रिओत पांदेइरो हातात दिसला की पोलीस हिसकावून घेत, असा काळ होता. जुआंव दा बायाना या सांबाच्या आद्य वादकाचा पांदेइरो जप्त झाला तेव्हा पिन्येरो मशादो या सिनेटरनं १९०८ साली त्याला स्वतःचं नाव कोरलेला नवा पांदेइरो भेट दिला, असं सांगतात. सिनेटरच्या नावाला कोण हात लावणार! मेस्त्रेनं ही गोष्ट कड्याच्या खाचा घासता घासता सांगितली. ज्या वाद्यासाठी माणसांनी इतकं सोसलं ते आवडीपुरतं घेऊन ठेवून दिलं जावं, हे त्याला सोसत नाही.

त्या दिवशी त्यानं भाचीला बारा इंची विकला नाहीच. वापरलेला एक बारा इंची तिला उसना दिला: रोदात ने, चार तास धर, डावा हात दुसऱ्या दिवशी काय म्हणतो ते येऊन सांग. ती नेत राहिली. मनगट दुखलं, मग तिनं कडं जरा वेगळ्या कोनात धरायला सुरुवात केली, हात फिरवण्याचा पल्ला लहान केला, आणि दुखणं कमी झालं. शोरोसाठी दहा इंचीच ठेवायचा हेही तिचं तिनंच ठरवलं. एका गायिकेबरोबर ती दोघींचाच कार्यक्रम बसवते आहे, त्यासाठी बारा इंची.

मग मेस्त्रेनं तिच्यासाठी नवं कडं घेतलं. पाचही खाचांमधल्या चकत्या हलक्या निवडल्या, प्रत्येक जोडीमधली आवाज आवरणारी सपाट चकती मात्र काढू दिली नाही. कातडं पातळ, पाठीच्या कण्याची रेघ बरोबर मधोमध येईल असं लावलं. किंमत त्यानं तेव्हा सांगितली.