षड्ज सुटल्यानंतर

तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर ज्याचे कान पोसले आहेत, त्या आपल्याकडील रसिकास युरोपीय संगीताचे विसावे शतक परके वाटते, याचे कारण त्या शतकाने आपला षड्जच हातचा जाऊ दिला, हे होय. तिकडे आधारस्वर मध्येच बदलण्याची मुभा पूर्वापार होती. परंतु कितीही भटकंती झाली तरी अखेर घरी परतावयाचे, हा दंडक होता. १८६५ साली म्युनिकच्या रंगभूमीवर आलेल्या वाग्नरच्या 'ट्रिस्टान'ने ते परतणे सुमारे चार तास लांबविले, आणि जे लांबविता येते ते टाळताही येते, हे पुढच्या पिढीने ओळखले.

देब्युसीने ते हळुवारपणे टाळले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचा गामेलान वाद्यवृंद ऐकून भारावलेल्या या गृहस्थास स्वरमेळ हा रंगासारखा, पुढचे काही न मागता, नुसता असू शकतो, असे वाटू लागले होते.

शोनबर्गच्या स्वभावात हळुवारपणा नव्हता. १९०८ च्या आपल्या दुसऱ्या तंतुवाद्य-चतुष्टयात त्याने आधारस्वरास रजा दिली; आणि ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नात, त्याच्या व त्याच्या शिष्यांच्या रचना चालू असता, असा दंगा उसळला की मैफल अर्ध्यावर सोडावी लागली. दोनच महिन्यांनी स्त्राविन्स्कीच्या 'वसंतविधी' या नृत्यनाट्यावर पॅरिसमध्ये झालेला गोंधळ जो तो सांगतो. मला व्हिएन्नाचा अधिक बोलका वाटतो, कारण पॅरिसकरांचा राग नृत्यावरही होता. पुढे याच शोनबर्गने बाराही स्वर ठराविक क्रमाने आल्याखेरीज त्यांतला एकही पुन्हा येऊ नये, असा कायदा केला. जुने राज्य उलथणाऱ्यानेच अधिक कडक जमाबंदी लागू करावी, त्यातला हा प्रकार. १९३३ मध्ये नाझींनी त्याला बर्लिनच्या हुद्द्यावरून दूर केले आणि तो अमेरिकेस गेला. हंगेरीचा बार्टोक मात्र फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांतली गाणी टिपीत हिंडला, आणि त्याची वाट मला अधिक टिकाऊ वाटते.

परंतु आपल्या दृष्टीने खरे नवल फ्रेंच संगीतकार मेसियाँचे. जर्मनांच्या कैदेत, गोर्लिट्झच्या छावणीत, १५ जानेवारी १९४१ रोजी पियानो, व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट यांवर त्याचे चतुष्टय प्रथम वाजले, तेव्हा पहिल्या भागातील पियानो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तालांवर चालत होता. हे ताल शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तील १२० देशी तालांपैकी. आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाच्या दप्तरावर असलेल्या या काश्मिरी घराण्यातील पंडिताने देवगिरीस लिहिला. एका फ्रेंच संगीतकोशातील कोष्टकातून मेसियाँने ते ताल उचलले. त्यांच्या सतरा कालमूल्यांचे आवर्तन आणि एकोणतीस स्वरमेळांचे दुसरे आवर्तन तो एकाच वेळी फिरवितो, त्यामुळे दोहोंची समेवर गाठ पडण्यापूर्वीच तो भाग संपतो. आपला श्रोता तेथे अस्वस्थ होईल, आणि ते रास्तच आहे. मेसियाँच्या वर्गातून पुढे बुलेझ आणि स्टॉकहाउझेन निघाले. आपल्या मैफलींत मात्र ते देशी ताल आज बहुतेक ऐकू येत नाहीत.

दौलताबादचा, म्हणजे त्याच देवगिरीचा, किल्ला पाहावयास निघालेल्या वाचकाने, चढण लागण्यापूर्वी, त्या चतुष्टयाचा हा जेमतेम तीन मिनिटांचा पहिला भाग अवश्य ऐकावा.