विमान धावपट्टीच्या तोंडाशी का थांबते?

८ जून २०२४ रोजी मुंबई विमानतळावरचा एक व्हिडिओ घराघरांतल्या मोबाइलवर फिरला. धावपट्टी २७ वरून एअर इंडियाचे विमान हवेत झेपावत होते आणि त्याच वेळी त्याच पट्टीच्या मागच्या टोकाला इंडिगोचे विमान टेकले. दोन विमाने थोडक्यात एकमेकांवर आदळायची राहिली, असा बहुतेकांचा समज झाला.

तो समज अर्धाच खरा आहे. दोन्ही विमाने एकाच दिशेने चालली होती. पुढचे वेग वाढवत दूर जात होते, मागचे वेग कमी करत होते. ती समोरासमोर आली नव्हती. पण म्हणून ‘काही झालेच नाही’ असे म्हणणेही चूक. नेहमीचा नियम असा की उडालेले विमान धावपट्टीचे टोक ओलांडून जात नाही किंवा वळण घेत नाही, तोवर मागच्याने पट्टीचा उंबरठा ओलांडायचा नाही. काही ठिकाणी दिवसाउजेडी, दृश्यमानता चांगली असताना ठरावीक कमी अंतर चालते, पण तेही आधी मोजून मंजूर केलेले असते. कारण साधे आहे. पुढच्या वैमानिकाने ऐनवेळी उड्डाण रद्द करून करकचून ब्रेक लावले, तर दोन्ही विमाने एकाच पट्टीवर उरतात. त्या दिवशी तसे घडले नाही, पण घडले असते तर हाताशी ठेवायची जागा आधीच खाल्ली गेली होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी लावली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला केले, ते यामुळेच.

मुंबईबद्दल आणखी एक गैरसमज पक्का बसला आहे: दोन धावपट्ट्या आहेत, म्हणजे दुप्पट विमाने सुटायला हवीत. पण ०९-२७ आणि १४-३२ या दोन्ही पट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमाने उतरतात आणि उडतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ऐंशी सेकंद. उतरणाऱ्या दोन विमानांच्या मधल्या फटीत एक उड्डाण बसवायचे, असा तो हिशेब आहे. उतरलेले विमान पट्टीवरून बाहेर पडायला थोडे रेंगाळले, तरी मागच्याला पुन्हा वर चढून फेरी मारून यावे लागते. त्याला गो-अराउंड म्हणतात. प्रवासी घाबरतात, पण वैमानिकाच्या लेखी ती सराव केलेली, वेळेत घेतलेली योग्य कृती असते.

आता खिडकीशी बसलेल्याला हमखास पडणारा प्रश्न. समोरचे मोठे विमान उडून दिसेनासे झाले, पट्टी रिकामी आहे, मग आपण का उभे? ‘त्याच्या इंजिनाचा झोत निवळू देतात’ असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. इंजिनाचा झोत जवळून धोक्याचा असतोच, पण थांबण्याचे खरे कारण पंखांत आहे. पंखाखालचा दाब जास्त आणि वरचा कमी असल्यामुळे पंखांच्या टोकांशी हवा खालून वर वळते आणि विमानामागे दोन आडवे भोवरे सुटतात. विमान नाक उचलते तेव्हापासून ते तयार होऊ लागतात आणि सावकाश खाली उतरत राहतात. विमान जितके जड आणि संथ, तितके ते जोरकस. म्हणून नुकते उडालेले, इंधनाने भरलेले मोठे विमान या बाबतीत सर्वांत वाईट. वारा पडलेला असला की सगळे सुरक्षित, हेही खरे नाही. शांत हवेत भोवरे जास्त काळ टिकतात आणि मंद आडवा वारा त्यातला एक नेमका पट्टीवर अडकवून ठेवू शकतो.

१,३६,००० किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे विमान ‘हेवी’ गणले जाते. त्याच्यामागे त्याच पट्टीवरून एअरबस ए-३२० सारखे मध्यम विमान निघणार असेल, तर दोन मिनिटे सोडतात. मागचे विमान पट्टीच्या मधूनच धाव सुरू करणार असेल, तर तीन. ए-३८० पुढे असले तरी तीन. भोवरा विमानाचे तुकडे करतो अशीही भीती काहींना वाटते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ए-३०० विमान एका ७४७ च्या मागे उडाले, भोवऱ्यात हलले आणि कोसळले. २६५ माणसे गेली. तपासात निघाले ते असे की शेपटीचा उभा पंख तुटला तो भोवऱ्याने नव्हे, तर त्याला उत्तर देताना सुकाणूचे पेडल टोकाच्या जोराने पुन्हा पुन्हा दाबले गेल्यामुळे.

‘एकदा हवेत गेले की आकाश मोकळेच.’ हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो. प्रत्येक उड्डाणाला आधीच आखलेला मार्ग दिलेला असतो: कुठे वळायचे, कोणत्या बिंदूवरून जायचे, किती उंचीवर थांबायचे. पट्टी सोडल्यावर टॉवर विमान दुसऱ्या नियंत्रकाकडे सोपवतो आणि तो रडारच्या पडद्यावर काम करतो. विमानतळाजवळ दोन विमानांत साधारण तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, किंवा उंचीत हजार फूट राखतात. दोन्हींपैकी एक पुरते, पण एक तरी असलेच पाहिजे.

ते न राहिल्याची किंमत आपण मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदियाचे ७४७ निघाले, त्याला १४,००० फुटांवर थांबवले होते. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचे आयएल-७६ उतरत येत होते, त्याला मर्यादा १५,००० फुटांची. मध्ये हजार फूट, नियमाप्रमाणे पुरेसे. समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने दिली होती. पण कझाक विमान दिलेल्या उंचीखाली उतरत गेले आणि हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही आदळली. ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेव्हा एकच हवाई वाट होती आणि नियंत्रकाच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. वैमानिक रेडिओवर सांगेल तीच उंची धरायची. या अपघातानंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे रडार आले आणि टक्कर टाळणारे टीकॅस हे यंत्र विमानांवर सक्तीचे झाले.

आता ‘टीकॅस आहे, मग काळजी कशाला’ असे कुणी म्हणेल. हे यंत्र वैमानिकाला ‘वर चढ’ किंवा ‘खाली जा’ असा आदेश देते आणि तो नियंत्रकाच्या सूचनेपेक्षाही वरचढ मानतात. पण जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ते असे आदेश देत नाही. उड्डाणाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात भिस्त आधी राखलेल्या अंतरावर आणि नियंत्रकाच्या नजरेवर असते.

म्हणून अंतराची बरीचशी तयारी जमिनीवरच होते. पुढचे आकाश किंवा उतरण्याचा विमानतळ भरलेला असेल, तर विमानाला निघण्याची ठरावीक वेळ मिळते आणि ती येईपर्यंत ते थांबते. मुंबईत हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक करतात, विमानतळ चालवणारी कंपनी नव्हे आणि विमान कंपनीही नव्हे. तेव्हा दार बंद होऊनही विमान हलत नसेल, तर केबिनमधल्या कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका, आणि पट्टा बांधलेलाच ठेवा. वेळ मिळाली की विमानाला लगेच निघावे लागते.