सिस्टरना कळलं होतं, मग पेशंट का वाचली नाही?

ज्यांना या आठवड्याचा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी हा लिखित स्वरूपात. तुमच्यापैकी बरेच जण मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, फार्मसी शिकताय. जे यातलं काहीच शिकत नाहीत त्यांनीही थांबा, कारण पेशंट किंवा पेशंटचे नातेवाईक आपण सगळेच कधी ना कधी होतो.

आज एका ऑपरेशनपासून सुरुवात करू.

ओटीतली ती सकाळ

२९ मार्च २००५. इंग्लंड. एलेन ब्रोमिली, वय ३७, दोन लहान मुलांची आई. सायनसचं ऑपरेशन होतं. आधीपासून ठरलेलं, घाईचं काही नाही. सकाळी भूल दिली आणि लक्षात आलं की श्वासासाठी घशात ठेवायचं साधन नीट बसत नाहीये. काही मिनिटांतच रक्तातला ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आला. तो साधारण ९५च्या वर असायला हवा.

खोलीत अनुभवी माणसांची कमी नव्हती. दोन भूलतज्ज्ञ आणि एक कान-नाक-घसा सर्जन. तिघेही घशातून श्वासनलिकेत नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. पुन्हा, पुन्हा, वीसेक मिनिटं. अशा वेळी काय करायचं याचा नियम ठरलेला आहे : नळी जात नाही, फुफ्फुसात हवाही जात नाही, तर मानेतून श्वासनलिकेला छेद देऊन वाट काढायची. तिघांनाही हा नियम माहीत होता. पण माणूस एका गोष्टीत गुंतला की वेळेचं भान सुटतं. परीक्षेत एकाच गणितात अडकून बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

आता खरी गोष्ट ऐका. एक नर्स छेद द्यायचा सेट घेऊन आली आणि तो तयार आहे असं तिने सांगितलं. दुसऱ्या नर्सने आयसीयूत बेडची सोय केली. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून तिला वाटलं की आपण उगाच घाबरतोय. तिने तो बेड परत रद्द केला. काय करायला हवं हे आपल्याला कळत होतं, पण ते कसं बोलायचं हे कळत नव्हतं, असं नर्सेसनी नंतर सांगितलं.

एलेन शुद्धीवर आलीच नाही. १३ दिवसांनी ती गेली.

नवरा पायलट होता

एलेनचा नवरा मार्टिन ब्रोमिली विमान कंपनीत पायलट. त्याने कुणाला शिक्षा मागितली नाही. त्याने विचारलं, यातून शिकलं काय गेलं? विमान पडलं की चौकशी होते, तशी इथे कोण करणार? त्याच्या आग्रहामुळे स्वतंत्र तपासणी झाली, आणि २००७ मध्ये त्याने क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप नावाची संस्था सुरू केली.

हा प्रश्न पायलटलाच पडणं योगायोग नाही. विमानवाल्यांनी हाच धडा फार मोठी किंमत मोजून घेतला होता. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना ट्रेनिंग देणारा. परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान पळवायला सुरुवात केली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टनने ठामपणे 'हो' म्हटलं. विषय तिथेच संपला.

बघा, इथेही एकाच्या मनात शंका आली होती. त्याने ती विचारलीसुद्धा. पण साहेबाच्या आवाजापुढे ती टिकली नाही.

१९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून वैमानिकांसाठी नवं प्रशिक्षण उभं राहिलं. ज्युनियरने शंका कशी मांडायची आणि सिनियरने ती कशी ऐकून घ्यायची, हे तिथे सराव करून शिकवतात. म्हणजे 'बोलायची हिंमत हवी' असा उपदेश करून सोडून देत नाहीत.

यादी केली, काम झालं?

दवाखान्यांनीही विमानवाल्यांकडून एक गोष्ट उचलली : चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. तीन वेळा थांबायचं : भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी. श्वासाची वाट अवघड ठरू शकते का, हा प्रश्न पहिल्याच टप्प्यात आहे. आणि एक मुद्दा अगदी साधा वाटेल : प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. सुरुवातीला एकदा तोंड उघडलं की पुढे गडबड दिसल्यावर बोलणं सोपं जातं, हा त्यामागचा विचार.

दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल आले. ऑपरेशननंतर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

वाटलं ना, प्रश्न मिटला? थांबा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाली. १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, आणि मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कागद तोच, निकाल वेगळा. असं का, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. पण अनेकांचं म्हणणं असं की वरून हुकूम आला म्हणून खुणा केल्या तर कागद भरतो, माणसं बदलत नाहीत. आपल्याकडे जर्नल कसं पूर्ण होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

मग एकत्र शिकायचं कधी?

आता मुद्द्यावर येऊ. डॉक्टर पाच-सहा वर्षं वेगळ्या वर्गात शिकतो. नर्स वेगळ्या कॉलेजात, फिजिओ तिसरीकडे, समाजसेवेचं शिक्षण घेणारी आणखी कुठेतरी. आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना एका पेशंटभोवती उभं करून आपण म्हणतो, 'हं, आता टीम म्हणून काम करा.' नेटमध्ये एकत्र प्रॅक्टिस न करता अकरा जणांना थेट मॅचला उतरवतो का आपण?

यावर जो उपाय निघाला त्याला इंटरप्रोफेशनल एज्युकेशन म्हणतात. मराठीत आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणू. ब्रिटनमध्ये १९८७ साली यासाठी केप नावाची संस्था स्थापन झाली. तिची व्याख्या सोपी आहे : दोन किंवा जास्त व्यवसायांच्या लोकांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणं. शंभर जणांना एका हॉलमध्ये बसवून लेक्चर दिलं तर ते फक्त 'सोबत' झालं. 'कडून' आणि 'विषयी' राहूनच गेलं.

स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून हे सुरू केलं. १९९६ मध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं : खरा वॉर्ड, खरे पेशंट, आणि वॉर्ड चालवणार मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपीचे विद्यार्थी मिळून. शिक्षक मागे उभे. तिथे भावी डॉक्टरला कळतं की पेशंटला रात्री नीट झोप लागली की नाही हे नर्सला माहीत असतं. आणि घरी जिना किती पायऱ्यांचा आहे हे फिजिओने विचारलेलं असतं.

हा रामबाण उपाय आहे का? तसंही नाही. २०१३ मध्ये १५ अभ्यास एकत्र तपासले गेले. सातांमध्ये फायदा दिसला, चारांत संमिश्र निकाल, चारांत काहीच फरक नाही. म्हणजे दिशा बरोबर वाटते, पण कसं शिकवता यावर बरंच अवलंबून आहे.

आपल्याकडे काय?

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून मेडिकल, नर्सिंग, आयुर्वेद, फिजिओ अशा अनेक शाखांची परीक्षा घेतं. विद्यापीठ एक, वर्ग मात्र वेगवेगळे.

पण महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुणाच्या घरात पाणी कुठून येतं, कोणत्या सुनेच्या ताटात शेवटी काय उरतं, हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी त्यांना शिकवलं आणि त्यांच्याकडून शिकूनही घेतलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जामखेडचं काम बघायला जगभरातून लोक येत राहिले. 'एकमेकांकडून शिकणं' म्हणजे काय, हे तिथे दिसतं.

उद्यापासून काय करता येईल?

एक सोपी पद्धत सांगते. अमेरिकेत हॉस्पिटलच्या टीम्सना शिकवतात, आपण आपल्या भाषेत घेऊ. तीन पायऱ्या आहेत.

पहिली : 'सर, मला काळजी वाटतेय.'
नाही ऐकलं, तर दुसरी : 'मॅडम, हे मला बरोबर वाटत नाहीये.'
तरीही नाही, तर तिसरी : 'थांबूया. पेशंटच्या जिवाला धोका आहे.'

आवाज चढवायचा नाही, पण शब्द मऊही करायचे नाहीत. 'सेट तयार आहे' आणि 'सर, ऑक्सिजन ४० आहे, आता छेद द्यायला हवा' यांत किती फरक आहे, ते एलेनच्या गोष्टीत आपण पाहिलं.

आणि जे उद्या सिनियर होणार आहेत त्यांच्यासाठी : ओटीत किंवा राउंडवर गेल्यावर एकदा विचारा, 'कुणाला काही वेगळं वाटतंय का?' मग उत्तरासाठी दोन सेकंद खरोखर थांबा. वॉर्डातल्या मावशींनाही विचारा. पेशंट सकाळपासून जेवला नाही, हे बऱ्याचदा त्यांनाच आधी कळतं.

कॉलेजमध्ये असाल तर या आठवड्यात एक काम करा. दुसऱ्या शाखेच्या एका विद्यार्थ्यासोबत चहा घ्या आणि विचारा, 'तुम्ही नेमकं काय करता रे?' उत्तर ऐकून काय नवीन कळलं ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि हो, ऐकून घेतही राहा!