रुजवणीचा पिवळा रंग आणि बाळाची कावीळ

नवरात्रात आमच्या पेडणे-डिचोली भागातील देवळांतून आणि अनेक घरांतून घटाभोवती रुजवण घातली जाते. देव्हाऱ्याच्या मंद उजेडात नऊ दिवसांत वीतभर वाढलेले हे कोंब उंच, नाजूक व फिकट पिवळे असतात. मृगाच्या पावसावर उघड्या शेतात पेरलेल्या भाताचा तरवा मात्र ठेंगणा, ताठ व हिरवागार असतो. बी तेच आणि जनुकेही तीच; मग रूपात एवढा फरक का? या प्रश्नाचे उत्तर थेट आपल्या नवजात शिशुकक्षापर्यंत येऊन पोहोचते, म्हणून डॉक्टर या नात्याने मला ते फार मोलाचे वाटते.

अंधारातील कोंब आपली तुटपुंजी शिदोरी केवळ उंच होण्यासाठी खर्च करतो. पाने व हरितद्रव्य घडविणारी जनुके चालू करणारे ‘एचवाय-५’ हे प्रथिन पेशीत तयार होतच असते; पण ‘कॉप-१’ नावाचे दुसरे प्रथिन त्याला नष्ट करण्याची खूण चिकटवते. प्रकाश पडताच कॉप-१ निष्प्रभ होते, एचवाय-५ साठत जाते आणि हजारो जनुकांचा कारभार पालटतो. हेच कॉप-१ मानवी पेशीतही आहे आणि तेथे ते कर्करोगाला आवर घालणाऱ्या ‘पी-५३’ या प्रथिनाचा नाश घडविते, असे २००४ मध्ये दिसून आले.

प्रकाश आला ही वर्दी देणाऱ्यांत प्रमुख आहे फायटोक्रोम. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी १९५९ मध्ये त्याचे अस्तित्व दाखवून दिले. सुमारे ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने ते जागे होते, तर ७३० च्या अतितांबड्या प्रकाशाने पुन्हा निजते. त्याचे रंगद्रव्य आपल्या परिचयाचेच आहे. वनस्पतीही हीमपासून बिलिव्हर्डिन बनविते आणि त्यापासून हे रंगद्रव्य तयार करते. आपल्या शरीरात त्याच बिलिव्हर्डिनचे बिलिरुबिन होते. तांबड्या किरणाने फायटोक्रोमच्या रंगद्रव्यातील पंधराव्या कार्बनजवळचा दुहेरी बंध वळतो. निळ्या दिव्याखालील बाळाच्या बिलिरुबिनमध्येही बहुतांशी तोच बंध वळतो आणि यकृतातील संयुग्मनाच्या प्रक्रियेवाचून ते पित्तावाटे बाहेर पडू शकते.

या उपचाराचा उगम इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात झाला. तेथील सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावरील पिवळेपणा, चादरीखाली झाकलेला भाग सोडून, उतरल्याचे त्यांच्या ध्यानी आले. १९५८ मध्ये क्रेमर व सहकाऱ्यांनी दिव्याच्या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

‘डॉक्टर, बाळाला कोवळ्या उन्हात धरले तर चालेल ना?’ हा प्रश्न मला आजही अनेक माता विचारतात. या समजुतीत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे. उन्हाची मात्रा मोजता येत नाही. उघडे बाळ कधी तापते, कधी गारठते आणि मोलाचा वेळ निघून जातो. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध ओढण्याचा कंटाळा किंवा सुस्ती, यांपैकी काहीही आढळले तर बाळाला त्वरित रुग्णालयात न्यावे. मेंदूत शिरलेले बिलिरुबिन बाळाला जन्मभराचे बहिरेपण वा अपंगत्व देऊ शकते.

रुजवणीच्या कोंबाला पिवळेपणातून सोडविण्यास अंगणातले ऊन पुरते. बाळाच्या बाबतीत मात्र योग्य लांबीच्या लहरी, मोजलेली मात्रा आणि वेळेवर केलेली रक्ततपासणी, या तिन्हींची जोड हवी. ही गोष्ट प्रत्येक घरातील आजीपर्यंत पोहोचविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.