छातीतील धडधड : चिंता, अपचन आणि हृदय यांचा परस्परसंबंध

बीजशब्द : हृदयस्पंदन, अकाली ठोका, व्हेगस चेता, चिंताविकार, अपचन, खर्रा

प्रस्तावना

मानवी हृदय विश्रांत अवस्थेत मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा आणि दिवसभरात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. एवढे अखंड कार्य चालू असूनही निरोगी व्यक्तीला त्याची जाणीव होत नाही. ही जाणीव एकाएकी होऊ लागते तेव्हा तिला ‘धडधड’ असे म्हणतात. धडधड हा रोग नसून ते एक लक्षण आहे, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवी.

या लक्षणाबाबत समाजात दोन टोकाच्या प्रवृत्ती दिसून येतात. एक वर्ग छातीतील प्रत्येक अस्वस्थतेला ‘गॅसेस झाले असतील’ असे म्हणून सोडा किंवा ओवा घेतो. त्यात खरा हृदयविकार असल्यास उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. दुसरा वर्ग एकामागून एक तपासण्या करीत राहतो. सर्व अहवाल निर्दोष असूनही त्याची भीती जात नाही आणि मूळ चिंताविकार उपचाराविना राहतो. पहिली चूक प्राणावर बेतू शकते, तर दुसरी आयुष्याची उमेदीची वर्षे खाऊन टाकते. प्रस्तुत लेखात धडधड, चिंता व अपचन यांचा संबंध स्पष्ट करून नागपूर परिसराच्या संदर्भात त्याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

भाषेतील साक्ष

शरीरशास्त्राने जो संबंध प्रयोगांनी सिद्ध केला त्याची नोंद भाषेने फार पूर्वीच घेतलेली दिसते. ‘काळजाचा ठोका चुकणे’, ‘छातीत धस्स होणे’, ‘धडकी भरणे’ हे वाक्प्रचार भयाचे परिणाम छातीत दाखवितात, तर ‘पोटात गोळा येणे’ हा वाक्प्रचार तेच भय पोटात दाखवितो. ‘काळीज’ या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असा असून मराठी भाषकाने तो हृदयासाठी रूढ केला. इंग्रजीतही अन्ननलिकेतील आम्लदाहाला ‘हार्टबर्न’ असेच नाव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ऐंशी विकारांची जी गणना आहे तीत ‘हृद्द्रव’ या नावाने धडधडीचा समावेश आहे.

हृदयाच्या गतीचे नियमन

हृदयाच्या उजव्या अलिंदातील सायनस गाठीतून विद्युत्संदेश निघतो व त्यानुसार ठोका पडतो. या गाठीवर दोन चेतासंस्थांचे नियंत्रण असते. अनुकंपी संस्था गती वाढविते, तर परानुकंपी संस्था ती मंद करते. परानुकंपी संस्थेची प्रमुख वाहिनी म्हणजे व्हेगस चेता. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून ही चेता रासायनिक द्रव्याच्या द्वारे हृदयाची गती कमी करते असे दाखविले. या क्षेत्रातील कार्यासाठी १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूपासून निघून हृदय व फुप्फुसे यांना शाखा देत ही चेता जठर व आतड्यांपर्यंत जाते. मन, हृदय आणि पोट यांना जोडणारा हा प्रत्यक्ष दुवा होय.

‘ठोका चुकला’ असे वाटण्यामागेही निश्चित प्रक्रिया आहे. कधीकधी हृदयाच्या अन्य भागातून वेळेआधीच एक संदेश निघतो आणि अकाली ठोका पडतो. तो क्षीण असल्यामुळे जाणवत नाही. त्यानंतर किंचित दीर्घ विराम येतो. या विरामात हृदयात अधिक रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरदार पडतो. म्हणजे ज्याला आपण चुकलेला ठोका समजतो तो वस्तुतः लवकर पडलेला असतो आणि ज्याचा धक्का जाणवतो तो नियमित ठोकाच असतो. हृदयाची रचना निर्दोष असल्यास असे विरळ अकाली ठोके बहुधा निरुपद्रवी असतात.

चिंता आणि धडधड

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात जेकब दा कोस्टा या वैद्याने ३०० हून अधिक सैनिकांचा अभ्यास करून १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदय’ या आशयाच्या नावाने एका विकाराचे वर्णन केले. या सैनिकांना धडधड, छातीत दुखणे व धाप लागणे ही लक्षणे होती. परंतु हृदयात दोष आढळत नव्हता. त्यांच्यापैकी अनेकांना पचनाच्याही तक्रारी होत्या, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पॅनिक’ विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

भय वाटताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलिन स्रवते आणि हृदयाची गती व आकुंचनाचा जोर वाढतो. श्वास उथळ व जलद होतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना मुंग्या येणे, गरगरणे असे अनुभव येतात. येथपर्यंतची प्रक्रिया स्वाभाविक आहे. खरा प्रश्न त्यापुढे निर्माण होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार व्यक्ती या संवेदनांचा ‘मला झटका येत आहे’ असा विपरीत अर्थ लावते. त्या अर्थामुळे भय वाढते, भयामुळे धडधड वाढते आणि धडधडीमुळे तो अर्थ पक्का होतो. हे चक्र काही मिनिटांत शिगेला पोहोचते.

अपचन आणि धडधड

पोटातील बिघाडामुळे धडधड जाणवण्याची कारणे अनेक आहेत. अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या अगदी मागून जाते. जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या डाव्या घुमटाखाली असतो आणि हृदय त्याच पटलावर टेकलेले असते. जठर वायूने वा अन्नाने फुगल्यास पटल वर उचलले जाते आणि ठोके अधिक जाणवू लागतात. जठर ताणले गेल्यामुळे व्हेगस चेतेच्या मार्गे प्रतिक्षिप्त क्रियाही घडते. जर्मन वैद्य लुडविग रोमहेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या संबंधाचे वर्णन केले असून तो विकारसमूह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. याशिवाय भरपेट जेवणानंतर आतड्यांकडील रक्तपुरवठा वाढतो व हृदयाला अधिक काम करावे लागते. जेवून लगेच डाव्या कुशीवर निजल्यास हृदय छातीच्या भिंतीलगत येते, म्हणून रात्री धडधड अधिक जाणवते.

हा संबंध उलट दिशेनेही कार्य करतो. चिंताग्रस्त व्यक्ती नकळत हवा गिळते, तिच्या जठराचे रिते होणे मंदावते आणि आम्लाची संवेदना तीव्र होते. अशा रीतीने चिंतेतून अपचन, अपचनातून धडधड व धडधडीतून पुन्हा चिंता असे त्रिकोणी चक्र तयार होते. तिन्हींपैकी कोणत्याही एका बिंदूवर उपचार केल्यास उरलेल्या दोहोंना आराम पडतो, तो याच कारणाने.

पोटाच्या औषधांबाबत येथे इशारा देणे आवश्यक आहे. आम्लनिर्मिती रोखणाऱ्या औषधांच्या दीर्घ सेवनाने रक्तातील मॅग्नेशियम घटून हृदयाचा ताल बिघडू शकतो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिली. सिसाप्राइड हे पचनाचे औषध हृदयावरील दुष्परिणामांमुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले. आपल्याकडे आम्लरोधकासोबत एकाच गोळीत सर्रास मिळणाऱ्या डोम्पेरिडोनचा वापर केवळ मळमळ व वांतीसाठी आणि सामान्यतः एक आठवड्यापुरताच करावा, अशी शिफारस युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये केली. ‘गॅसची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतलेले औषधच धडधडीचे कारण ठरू शकते.

नागपूर परिसराचा संदर्भ

नागपूरच्या जीवनशैलीत या चक्राला पोषक असे अनेक घटक आहेत. सकाळी तर्रीपोहे, दिवसभरात चहाचे अनेक प्याले आणि रात्री उशिरा सावजी पद्धतीचे तिखट व तेलकट जेवण असा आहार आम्लपित्ताला आमंत्रण देणारा आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून तयार होणारा खर्रा विदर्भात तरुणांमध्येही प्रचलित आहे. त्यातील निकोटिन हृदयाची गती थेट वाढविते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी खर्ऱ्याची सवय ओसरलेली नाही. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते तेव्हा घामावाटे पाणी व क्षार कमी होतात आणि रक्तदाब टिकविण्यासाठी हृदयाला वेगाने धावावे लागते. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा याच दिवसांत येतात. उपाशीपोटी चहा, जागरण, ऊन आणि परीक्षेचे भय एकत्र आल्यावर विद्यार्थ्याची छाती धडधडल्यास नवल नाही.

तथापि सर्व दोष परीक्षेवर टाकणेही योग्य नाही. विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, तसेच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयात प्राणवायूची उणीव भरून काढण्यासाठी हृदयाची गती वाढते. जिना चढताना धडधडणाऱ्या विद्यार्थिनीला ‘भित्री’ ठरविण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासणे अगत्याचे आहे.

निदानातील सावधगिरी

वेबर व कपूर यांनी १९९६ मध्ये धडधडीच्या १९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४३ टक्के रुग्णांत कारण हृदयाशी, तर ३१ टक्क्यांत मनोविकाराशी संबंधित होते. लेसमायर व सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासातील निष्कर्ष अधिक बोलका आहे. हृदयाच्या वरच्या भागातून उद्भवणाऱ्या अतिजलद तालाच्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के रुग्ण पॅनिक विकाराच्या निकषांत बसत होते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत प्रथम तपासणीच्या वेळी खरा विकार ओळखला गेला नव्हता. स्त्रियांच्या लक्षणांचे खापर मनावर फोडण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. असा ताल बटन दाबल्यासारखा एकाएकी सुरू होतो व एकाएकी थांबतो. चिंतेची धडधड सामान्यतः हळूहळू ओसरते. हा भेद उपयुक्त असला तरी निर्णायक नाही. म्हणून लक्षणे चालू असतानाचा हृदयालेख, आवश्यकतेनुसार २४ तासांचे होल्टर परीक्षण, हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी यांना पर्याय नाही.

पुढील परिस्थितीत विलंब न लावता रुग्णालयात जावे : धडधडीसोबत शुद्ध हरपणे, छातीतील दाब वा वेदना हात, जबडा किंवा पाठीकडे पसरणे, दम लागणे किंवा दरदरून घाम येणे, श्रम करीत असतानाच धडधड सुरू होणे. पूर्वीचा हृदयविकार असल्यास वा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू झालेला असल्यास साध्या धडधडीचीही तपासणी करून घ्यावी.

उपाय व महाविद्यालयाची भूमिका

हृदयविकार नाही याची खात्री झाल्यावर उपायांची दिशा स्पष्ट होते. मिताहार, जेवण व निद्रा यांत दोन-तीन तासांचे अंतर, चहा कमी करणे, खर्रा सोडणे आणि संथ, दीर्घ श्वसन यांनी बऱ्याच व्यक्तींना आराम मिळतो. वारंवार झटके येत असल्यास बोधात्मक वर्तनोपचार परिणामकारक ठरतो. गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात.

नागपुरात १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अर्थात मेयो रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय अशा सार्वजनिक संस्था उपलब्ध आहेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. परीक्षागृहात एखादा विद्यार्थी छातीवर हात ठेवून बाहेर येतो तेव्हा त्याच्याजवळ प्रथम पोहोचणारी व्यक्ती बहुधा प्राध्यापक असते. त्याला शांत बसविणे, धोक्याची लक्षणे विचारणे, नाडी मोजून तिची वेळेसह नोंद करणे आणि ‘काही नाही, नाटक करतोय’ हा शेरा टाळणे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकास शक्य आहे. ती नोंद पुढे वैद्यास निदानासाठी उपयोगी पडते.

निष्कर्ष

१. चिंता, अपचन व धडधड ही तीन लक्षणे व्हेगस चेता, अनुकंपी संस्था आणि शरीररचनेतील सान्निध्य यांमुळे परस्परांना वाढवितात.

२. ‘मनाचे आहे’ वा ‘गॅसचे आहे’ हे निदान तपासणीनंतर करावयाचे आहे, तपासणीऐवजी नव्हे.

३. विदर्भात धडधडीचा विचार करताना रक्तक्षय, सिकलसेल, उष्मा व खर्रा यांना वगळता येत नाही.

४. तपासणी निर्दोष आली म्हणून रुग्णाचा त्रास खोटा ठरत नाही. धडधड खरीच असते. तिचे मूळ मात्र हृदयाबाहेर असू शकते आणि तेथेही उपचार शक्य असतो.